स्प्राउट : दोन मालिकांच्या मधल्या जागेवर उभी राहिलेली वाहिनी

अमेरिकेत २६ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेली 'स्प्राउट' ही वाहिनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी होती. ९ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे नाव, तोंडवळा आणि प्रेक्षक असे तिन्ही बदलले आणि जे काही उरले होते तेही ६ मार्च २०२५ रोजी बंद झाले. तिच्यावर दिसणाऱ्या मालिका बहुतांशी जुन्या, इतरत्र अनेकदा दाखवून झालेल्या असत. असे असूनही, या वयाच्या मुलांसाठी त्या देशात ज्या वाहिन्या निघाल्या त्यांत मी स्प्राउटला सर्वांत वर ठेवतो. त्याचे श्रेय मी मालिकांना देणार नाही. ते दोन मालिकांच्या मध्ये उरणाऱ्या काही मिनिटांना आहे. त्या मिनिटांत हाडामांसाचे कोणीतरी माणूस पडद्यावर येऊन मुलांशी बोलत असे, आता सकाळ आहे की निजायची वेळ झाली आहे हे सांगत असे आणि पुढच्या मालिकेकडे त्यांना हाताला धरून नेत असे. वाहिनीची भरभराट या मिनिटांमुळे झाली आणि मालकांना ती निव्वळ भरताड वाटू लागली तेव्हा तिला उतरती कळा लागली, असे माझे मत आहे.

स्प्राउटचा जन्म चार घरांच्या भागीदारीतून झाला. कॉमकास्ट ही केबल कंपनी, पीबीएस ही सार्वजनिक प्रसारणसंस्था, सेसमी वर्कशॉप ही ना-नफा संस्था (हिच्याच मालिकेचे भारतीय रूप 'गली गली सिम सिम' म्हणून आपल्याकडे आले) आणि हिट एंटरटेनमेंट ही ब्रिटिश कंपनी, अशी ही चौकडी होती. कॉमकास्टकडे घरोघरी पोहोचलेली केबल होती. पीबीएसकडे पालकांचा विश्वास होता आणि म्हणून सुरुवातीची काही वर्षे वाहिनीचे पूर्ण नाव 'पीबीएस किड्स स्प्राउट' असे ठेवले गेले. सेसमीकडे १९६९पासूनचा साठा होता. आणि हिटकडे 'बॉब द बिल्डर', 'थॉमस अँड फ्रेंड्स', 'बार्नी', 'अँजेलिना बॅलेरिना' ही त्या काळची चलनी नाणी होती. प्रत्येकाने आपल्या कपाटातले आणून मांडले आणि वाहिनी उभी राहिली. प्रत्यक्ष वाहिनीच्या आधी, एप्रिल २००५मध्येच, हाच साठा कॉमकास्टच्या ग्राहकांना हवा तेव्हा हवा तो भाग लावता येईल अशा मागणीनुसार सेवेच्या रूपाने मिळू लागला होता. पुढे ज्या सवयीने वाहिनी खाल्ली तिचे बीज असे वाहिनीच्याच घरात, तिच्याही आधी पेरले गेले होते.

या जन्माला एक किंमत होती, ती पीबीएसने मोजली. पीबीएसची स्वतःची चोवीस तासांची मुलांची वाहिनी १९९९पासून, मुख्यतः डायरेक्टीव्ही या उपग्रह कंपनीच्या पैशावर, चालू होती. ती २००५मध्ये स्प्राउटसाठी गुंडाळण्यात आली. सार्वजनिक पैशावर आणि देणग्यांवर वाढलेले नाव आता केबलची वर्गणी भरणाऱ्यांच्याच घरी दिसणार आणि त्याबरोबर जाहिरातीही येणार, यावर त्या वेळी टीका झाली, आणि ती टीका रास्त होती. स्प्राउटच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तिच्या जाहिराती मोजक्या असत, त्या मालिका मध्येच तोडून येत नसत आणि त्या मुलांना उद्देशून नसून पालकांना उद्देशून असत. अमेरिकेतील १९९०च्या बालदूरचित्रवाणी कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांत तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींना मुभा दिली आहे. ती मुभा पुरेपूर वापरणाऱ्या वाहिन्यांच्या शेजारी ठेवून पाहिले तर स्प्राउटचा संयम डोळ्यांत भरतो.

सेसमीसाठी भागीदारीचा हा खेळ नवा नव्हता. फेब्रुवारी १९९९मध्ये निकलोडियनबरोबर निम्म्या-निम्म्या मालकीने तिने 'नॉगिन' ही वाहिनी काढली होती. पुढच्याच वर्षी सेसमीने आपल्याच मालिकेतील बाहुल्यांचे हक्क ईएम-टीव्ही या जर्मन कंपनीकडून १८ कोटी डॉलरना परत विकत घेतले, त्यासाठी कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी २००२मध्ये नॉगिनमधला आपला वाटा निकलोडियनच्या मालक कंपनीला, म्हणजे व्हायकॉमला, विकून टाकला. नॉगिन ही देखील गुणी वाहिनी होती. मालिकांच्या मध्ये येणारे मूस आणि झी हे तिचे चित्रातले सूत्रधार मुलांना कोडी घालत, गाणी म्हणत, आणि ते प्रसंग मालिकांहून सरस असत. परंतु मूस हा चित्रातला प्राणी होता. त्याने आज म्हटलेले वाक्य तो उद्याही आणि सहा महिन्यांनीही तसेच म्हणणार होता. स्प्राउटने तिथे जिवंत माणूस आणून बसवला, हाच तिचा मोठा शोध.

हा शोध पूर्ण रूपात दिसला तो २६ सप्टेंबर २००७ रोजी, वाहिनीच्या दुसऱ्या वाढदिवशी सुरू झालेल्या 'द सनी साइड अप शो' या सकाळच्या कार्यक्रमात. फिलाडेल्फियातून तो थेट प्रक्षेपित होई. एका वेळी एकच निवेदक, सुरुवातीच्या काळात केव्हिन किंवा केली, आणि त्याच्या शेजारी चिका नावाचे पिवळे धमक कोंबडीचे पिल्लू, म्हणजे हातात घालून हलवायची बाहुली. चिकाला बोलता येत नसे. ती फक्त चिवचिवाट करी, खेळण्यातल्या शिट्टीसारखा, आणि निवेदक त्या चिवचिवाटाचा अर्थ लावून प्रश्नाचे उत्तर देई. ही युक्ती दिसायला साधी असली तरी तिच्यामागे बालमनाची चांगली जाण आहे. जे मूल अजून स्वतः नीट बोलत नाही, ज्याचे म्हणणे घरातल्या एखाद्याच माणसाला कळते, त्याला आपल्याहून कमी बोलणारे पिल्लू पडद्यावर भेटते आणि एक मोठा माणूस त्या पिल्लाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो. आमची मुलगी दोन वर्षांची असताना चिकाच्या प्रत्येक चिवचिवाटावर निवेदकाच्या आधी स्वतः अर्थ सांगायची आणि निवेदकाचा अर्थ वेगळा निघाला तर त्याला दुरुस्तही करायची. दूरचित्रवाणी संच ऐकत नाही हे तिला ठाऊक नव्हते, आणि या कार्यक्रमाने ते तिला जाणवूही दिले नाही.

या कार्यक्रमातला वाढदिवसांचा भाग स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे. देशभरातून पालक मुलांच्या वाढदिवसाची हाताने केलेली भेटकार्डे पाठवत: रंगीत कागद, वाळलेला गोंद, चमकी, वाकडीतिकडी अक्षरे, बऱ्याचदा मुलाचा फोटो मध्ये चिकटवलेला. निवेदक ती एकेक कार्डे कॅमेऱ्यासमोर धरी, मुलाचे नाव आणि वय वाचून दाखवी. कार्ड पडद्यावर येई ते काही क्षणच, आणि त्या क्षणांसाठी घरातली सगळी मंडळी संचासमोर बसून राहत. एका परीने ही जुन्या आकाशवाणीवरच्या फर्माइशींची रीत होती. आपले नाव आपल्या कानांनी ऐकण्यातली गंमत तिथेही तीच होती. पाहणाऱ्या बाकी हजारो मुलांना त्या नावांशी काही देणेघेणे नसे. तरीही ती मुले तो भाग आवडीने पाहत, कारण आपल्याएवढेच कोणीतरी दुसरीकडे आहे आणि तेही हेच पाहत आहे, ही गोष्ट त्यातून त्यांना कळे. तीन वर्षांच्या मुलाला 'प्रेक्षकवर्ग' ही कल्पना समजावून सांगायची तर याहून चांगला मार्ग मला सुचत नाही.

थेट प्रक्षेपणाला मर्यादाही होत्या. एवढ्या आडव्या पसरलेल्या देशात पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सहाच वाजलेले असतात, त्यामुळे 'आत्ता, या क्षणी' हा कार्यक्रमाचा मुख्य गुण सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नसे. थेट कार्यक्रमात होणाऱ्या बारीकसारीक गफलती मात्र मला दोष वाटल्या नाहीत. निवेदकाच्या हातून काही पडले, चिकटवलेला कागद सुटला, बाहुली कॅमेऱ्याबाहेर सरकली, तर निवेदक हसून ते सावरून घेत. लहान मुलांसाठीचे इतर सगळे कार्यक्रम इतके गुळगुळीत असतात की मोठ्या माणसांच्या हातूनही काही पडते, हे त्यांत कधी दिसत नाही.

सकाळ जशी चिकाची तशी संध्याकाळ 'द गुड नाइट शो'ची. हा कार्यक्रम वाहिनीच्या आरंभापासून होता आणि माझ्या मते तिची सर्वांत उत्तम निर्मिती हाच. पुढे मिशेल लेपे ही अभिनेत्री नीना नावाने तो सादर करी. सोबतीला स्टार नावाचा बाहुला, म्हणजे एक झोपाळू चांदणी, आणि हश नावाचा सोनेरी मासा. बाकीच्या वाहिन्या संध्याकाळी मुलांचे लक्ष धरून ठेवण्यासाठी आवाज आणि वेग वाढवतात. इथे उलट क्रम होता. रंग निळसर, उजेड मंद, बोलणे सावकाश, आणि कार्यक्रम जसजसा पुढे सरके तसतसे सगळेच आणखी हळू होत जाई. नीना हातांच्या खुणांच्या भाषेतला एखादा शब्द शिकवी, अंग सैल करण्याचे सोपे व्यायाम करून घेई, हलक्या आवाजात गाणे म्हणे, आणि स्टारला जांभया येऊ लागत. वाहिनीने आपल्याच प्रेक्षकाला झोपायला पाठवायचे म्हणजे आपल्या हाताने गिऱ्हाईक घालवायचे. व्यापारी वाहिनीने असे धाडस केल्याचे उदाहरण अमेरिकेत मला दुसरे आठवत नाही. आमच्याकडे रात्रीच्या निजानिजीच्या वेळी होणारी रडारड या कार्यक्रमाने थांबली, असा दावा मी करणार नाही. पण 'स्टार झोपला, आता आपणही' हे वाक्य चाले, आणि आमच्या सांगण्यापेक्षा ते पुष्कळ लवकर मानले जाई.

याच कार्यक्रमाच्या इतिहासात वाहिनीचे एक न शोभणारे पानही आहे. नीनाच्या आधीच्या, त्याच्या पहिल्या निवेदिकेने वाहिनीत येण्याच्या कितीतरी वर्षे आधी, लैंगिक संयमाचा उपदेश करणाऱ्या सरकारी थाटाच्या जाहिरातींची टर उडवणाऱ्या छोट्या चित्रफितींत काम केले होते. त्या आंतरजालावर फिरू लागल्याबरोबर जुलै २००६मध्ये तिला काढून टाकण्यात आले. तिच्या बाजूने पालकांनी पत्रे लिहिली, निषेध नोंदवला, पण निर्णय बदलला नाही. चेहरा हाच ज्या वाहिनीचा माल, तिला चेहऱ्याची भीतीही तितकीच वाटत असणार, हे समजते. तरीही ज्या मुलांना रोज रात्री एकच माणूस निजवत होता, त्यांना तो माणूस एकाएकी दिसेनासा का झाला हे सांगायला वाहिनीकडे काही नव्हते. विश्वासावर उभ्या असलेल्या संस्थेने विश्वास ठेवणाऱ्यांचा विचार शेवटी केला, असेच त्या प्रकरणाकडे पाहून म्हणावे लागते.

इतक्या लहान मुलांनी दूरचित्रवाणी पाहावी का, हा प्रश्न या परीक्षणात टाळता येणार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या संघटनेने १९९९मध्ये दोन वर्षांखालील मुलांना दूरचित्रवाणीपासून दूर ठेवावे असा सल्ला दिला, २०११मध्ये तो पुन्हा सांगितला, आणि २०१६मध्ये थोडा सैल करून दीड वर्षाखालील मुलांसाठी व्हिडिओवरच्या गप्पांपुरती सूट दिली, तर दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तासभर चांगले कार्यक्रम, तेही पालकांनी सोबत बसून, अशी मर्यादा घातली. या पार्श्वभूमीवर २००६मध्ये अमेरिकेत 'बेबीफर्स्ट' ही तान्ह्या बाळांसाठीची चोवीस तासांची वाहिनी निघाली. फ्रान्समध्ये तर प्रसारणाच्या नियामक संस्थेने २००८मध्ये तीन वर्षांखालील मुलांसाठी असे कार्यक्रम काढण्यास तिथल्या वाहिन्यांना मनाई केली आणि बाहेरून येणाऱ्या तशा वाहिन्यांखाली पालकांसाठी इशारा दाखवणे बंधनकारक केले. स्प्राउटने दोन वर्षांची पायरी पाळली, हे तिच्या बाजूने. परंतु तीही चोवीस तास चालू असे, आणि तासाभराच्या मर्यादेशी चोवीस तासांच्या वाहिनीचा मेळ कोणत्याच युक्तिवादाने बसत नाही. नीना मुलांना निजवून गेल्यावरही पडद्यावर पुढची मालिका लागलेलीच असे.

मालिकांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्या स्प्राउटच्या अशा फारशा नव्हत्याच. निवड साधारणपणे चांगली होती; हाणामारी नाही, आरडाओरडा कमी, गोष्टी छोट्या. अपवाद 'कायू'चा. चार वर्षांच्या या टकल्या मुलाची किरकिर ऐकून त्रासलेल्या पालकांची संख्या मोजता आली तर तो एक विक्रम ठरेल. पीबीएसने २०२१मध्ये त्याला निरोप दिला तेव्हा अनेक घरांत जाहीर आनंद व्यक्त झाला. स्प्राउटवर मात्र तो उदंड दिसे, कारण हाताशी होता. त्याच त्या भागांची आवर्तने हा वाहिनीवरचा नेहमीचा आक्षेप होता, आणि तो मोठ्यांचा आक्षेप होता. या वयाच्या मुलांना पुनरावृत्ती हवीच असते. निकलोडियनने 'ब्लूज क्लूज'चा प्रत्येक नवा भाग सलग पाच दिवस दाखवण्याची रीत ठेवली होती ती यासाठीच, आणि मुले पाचव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त उत्तरे देत. स्प्राउटने मात्र ठरवून आवर्तने केली नाहीत. साठा तेवढाच होता म्हणून ती झाली.

उतरणीची सुरुवात वरवर पाहता बढतीसारखी दिसली. जानेवारी २०११मध्ये कॉमकास्टने एनबीसी युनिव्हर्सल या माध्यमकंपनीचा ताबा घेतला आणि स्प्राउट एका बलाढ्य कुटुंबात दाखल झाली. जुलै २०१२पासून एनबीसी या मुख्य वाहिनीवरचा शनिवार सकाळचा मुलांचा वेळही स्प्राउटच्या हाती आला. इतर भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि नोव्हेंबर २०१३मध्ये पीबीएसचा वाटाही घेऊन एनबीसी युनिव्हर्सल एकटी मालक झाली. २०१४मध्ये वाहिनीने फिलाडेल्फियातला मुक्काम हलवून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामध्ये, एनबीसीच्या मुख्य इमारतीत, बस्तान मांडले. कागदावर हे सगळे वैभव होते. प्रत्यक्षात ज्यांच्या कपाटातून माल येत होता ते भागीदार आता परके झाले, आणि जुन्या मालिकांवर त्यांचे हक्क होते. सेसमीने २०१६च्या जानेवारीपासून आपले नवे भाग आधी एचबीओ या पैसे भरून पाहायच्या वाहिनीला दिले. पीबीएसने १६ जानेवारी २०१७ रोजी चोवीस तासांची आपली वाहिनी पुन्हा सुरू केली, तीही फुकट. म्हणजे जी वाहिनी बंद करून स्प्राउट काढली, तीच बारा वर्षांनी स्प्राउटसमोर प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिली.

बाहेरही वारे बदलले होते. मार्च २०१२मध्ये डिस्ने ज्युनियर ही स्वतंत्र वाहिनी झाली. नॉगिनची २००९मध्येच निक ज्युनियर झाली होती. २०१०मध्ये आयपॅड आला आणि दोन वर्षांच्या मुलाच्या बोटाला जे जमते ते करायला रिमोट लागेनासा झाला; फेब्रुवारी २०१५मध्ये यूट्यूब किड्स आले. या साऱ्यांना वाहिनीच्या मृत्यूचे कारण मानण्याचा प्रघात आहे, आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. हवा तो भाग हवा तेव्हा मिळू लागला की जुन्या भागांची वाहिनी कशाला, हे खरेच आहे. पण स्प्राउटजवळ यूट्यूबला न जमणारी एक गोष्ट होती. आज कोणता वार आहे, बाहेर थंडी पडली आहे, अमुक मुलाचा आज चौथा वाढदिवस आहे, हे साठवलेल्या चित्रफितीला सांगता येत नाही. संकट आले तेव्हा या गोष्टीला धरून राहायचे, तर वाहिनीने नेमकी तिच्याकडेच पाठ फिरवली.

पाठ फिरवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. मालकांना निवेदकांची लोकप्रियता दिसत होती, म्हणून त्यांनी त्यांच्यापासून मालिका तयार केल्या. २०१२च्या शेवटी चिकाची स्वतःची मालिका निघाली. २०१५मध्ये 'नीनाज वर्ल्ड' आली. त्यात नीना लहान मुलगी झाली, पूर्णपणे चित्रांत, आणि तिच्या आजीला रीटा मोरेनो यांच्यासारख्या थोर अभिनेत्रीचा आवाज मिळाला. मालिका वाईट नव्हती. अनेक भाषा बोलणाऱ्या वस्तीचे तिच्यातले चित्रण तर फारच छान होते. तरीसुद्धा रात्री आपल्याकडे पाहून शुभरात्री म्हणणारी नीना आणि आपल्याला न ओळखणारी चित्रातली नीना यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. मालिका परदेशांत विकता येते, खेळणी काढता येतात, दहा वर्षांनी पुन्हा दाखवता येते. आज सकाळी वाचलेले भेटकार्ड उद्या कोणाला विकणार? हिशेब मालकाच्या बाजूने बिनचूक होता. त्याच सुमारास विकत घेतलेल्या काही मालिका दर्जेदार होत्या, हेही नोंदवले पाहिजे. ब्रिटनच्या 'क्लँगर्स' या जुन्या मालिकेचा नवा अवतार विल्यम शॅटनर यांच्या निवेदनासह स्प्राउटवर आला आणि तो वयस्क प्रेक्षकांनीही आवडीने पाहिला. पण न्यूयॉर्कला गेल्यानंतरचा सकाळचा कार्यक्रम अधिक चकचकीत, अधिक माणसांचा, अधिक गाण्यांचा झाला, आणि एक माणूस व एक पिल्लू यांच्यातला निवांतपणा त्यातून हळूहळू निसटला.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधे गणित होते, जे कोणत्याही लहानग्यांच्या वाहिनीला चुकत नाही. दुसऱ्या वर्षी आलेला प्रेक्षक पाचव्या-सहाव्या वर्षी निघून जातो. बातम्यांच्या वाहिनीला तोच प्रेक्षक चाळीस वर्षे पुरतो. इथे तीन-चार वर्षांत घर रिकामे होते आणि नव्या पालकांना पहिल्यापासून पटवावे लागते. सार्वजनिक संस्थेला यात तोटा वाटत नाही, कारण मूल वाढवून पुढे पाठवणे हेच तिचे काम. व्यापारी मालकाला वाटते की पटवलेले घर हातचे का घालवावे, मूल अकरा वर्षांचे होईपर्यंत ते धरून ठेवावे. एनबीसी युनिव्हर्सलने २०१६मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशन ही कंपनी ३८० कोटी डॉलरना विकत घेतली होती. तिचा माल दाखवायला मोठ्या मुलांची वाहिनी हवीच होती.

अशा रीतीने सप्टेंबर २०१७मध्ये 'युनिव्हर्सल किड्स' आली, दोन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी. दिवसभराचा वेळ काही काळ स्प्राउट या नावानेच लहानग्यांसाठी राखला गेला, आणि संध्याकाळ मोठ्या मुलांना देण्यात आली. म्हणजे ज्या वेळी नीना दिवे मंद करत असे त्या वेळी आता मुलांच्या पाककलेची 'टॉप शेफ ज्युनियर' ही स्पर्धा आणि पुढे अडथळ्यांच्या शर्यतीची 'अमेरिकन निंजा वॉरियर ज्युनियर' लागू लागली. स्पर्धा म्हणून या मालिका नीटस आहेत, मोठ्यांच्या कार्यक्रमांच्या छोट्या आवृत्त्या असूनही त्यांत मुलांना रडवण्याचा हव्यास नाही. पण दोन आणि अकरा या वयांना एका छताखाली ठेवणारे घर दोघांनाही आपले वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला ती बाळांची वाहिनी वाटली आणि दोन वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना ती आपली राहिली नाही. युनिव्हर्सल किड्सची शिफारस मी तेव्हाही कोणाला केली नसती. दोन वर्षांतच नवी निर्मिती आवरती घेतली गेली, स्प्राउट हे नाव पडद्यावरून गेले, आणि उरली ती जुन्या भागांची फिरती रांग. पुनःप्रक्षेपण स्प्राउटवरही होते, मात्र तिथे मधोमध कोणीतरी बसलेले असे. इथे एक भाग संपला की दुसरा सुरू होई, कोणी काही न बोलता.

कॉमकास्टने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या बहुतेक केबल वाहिन्या वेगळ्या कंपनीत काढण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या यादीतही युनिव्हर्सल किड्सला जागा नव्हती. जानेवारीत बंदची घोषणा झाली आणि मार्चमध्ये ती बंद पडली. नॉगिनचे नावही २०१५मध्ये ॲपच्या रूपाने परत आले होते. २०२४च्या जुलैमध्ये तेही थांबले.

आज अमेरिकेत लहान मूल असलेल्या मराठी घरांनी स्प्राउटच्या जागी काय पाहावे, असे कोणी विचारले तर मी पीबीएस किड्सची चोवीस तासांची वाहिनी सुचवीन. ती फुकट आहे, तिच्या मालिका स्प्राउटच्या मालिकांपेक्षा सरस आहेत, पण तिच्यावर सकाळ आणि रात्र यांच्यात फारसा फरक नाही आणि मुलांशी बोलणारे रोजचे माणूस नाही. ती उणीव घरातल्या मोठ्यांनीच भरून काढावी लागते. स्प्राउटचे खरे नाते सांगणारी वाहिनी ब्रिटनमध्ये आहे. बीबीसीची 'सीबीबीज' ११ फेब्रुवारी २००२ रोजी, म्हणजे स्प्राउटच्याही आधी, निघाली. तिथे मालिकांच्या मध्ये निवेदक असतात, मुलांनी पाठवलेली वाढदिवसाची कार्डे दाखवली जातात, निजायच्या वेळी कोणीतरी नामवंत पुस्तकातली गोष्ट वाचतो, आणि संध्याकाळी सात वाजता वाहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बंद होते. जाहिराती नाहीत, आणि मालक परवानाशुल्कावर चालणारी सार्वजनिक संस्था असल्यामुळे पाच वर्षांचे मूल निघून गेले तरी तिचे काही अडत नाही. स्प्राउट ज्या वर्षी मोठ्या मुलांच्या मागे लागली त्या वर्षीही सीबीबीज सात वाजताच बंद होत होती.